काडतूस भरणारे हात



चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘काडतूस’ असे उत्तर दिले. ते जरा चपापले. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस बोनसवर बोलेल, फार तर संपावर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कोळशाच्या खाणीच्या फाटकावर झाले. त्यामुळे पंडिताचा आव मी आणणार नाही. पण काडतुसाचा इतिहास हा मुळात हाताच्या कसबाचा इतिहास आहे, आणि तो विषय माझ्या अधिकारातला आहे असे मी समजतो.

आज जो गडचिरोली जिल्हा आहे तो १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. त्या भागातल्या एका खेड्यात मी लहानपणी एक म्हातारा पाहिला. शेताच्या राखणीसाठी परवाना असलेली ठासणीची बंदूक त्याच्याकडे होती. आपल्याकडे तिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर डाट, मग गोळी, मग गजाने ठासायचे आणि शेवटी मागच्या बाजूला टोपी बसवायची, तेव्हा कुठे एक बार निघणार. दारू मोजायला त्याच्याकडे बांबूचे एक लहानसे कांडे होते. मी विचारले, मुठीने का नाही ओतत? तो म्हणाला, “माप बदललं का नेम बी बदलला, बापू.”

मला पुढे पुस्तकांतून जे कळले त्याचे सार त्या एका वाक्यात होते. नेम म्हणजे केवळ डोळा आणि खांदा नव्हे. पहिल्या बाराला जेवढी दारू, तेवढीच दहाव्या बाराला हवी. गोळीचे वजन तेच हवे, डाट तितकाच घट्ट हवा. असे झाले तरच गोळ्या एका जागी पडतात. मग त्या जागेकडे नळी वळवणे एवढेच नेमबाजाचे काम उरते.

आता इतिहासाकडे वळू. १८५७ चा उठाव काडतुसावरून पेटला हे आपण शाळेत शिकलो. एनफिल्ड रायफलीचे काडतूस कागदाचे होते. ते दाताने फोडून दारू नळीत ओतायची, आणि त्याला जी चरबी लावलेली होती ती कशाची, याचा शिपायाला भरवसा नव्हता. उठावाची कारणे पुष्कळ होती. पण माझ्यासारख्याला त्यात एक साधी गोष्ट दिसते. काडतूस एकाने बनवायचे, दुसऱ्याने तोंडात धरायचे, आणि आत काय आहे हे विचारण्याचा हक्क मात्र त्या दुसऱ्याला नाही!

त्या वणव्याची ठिणगी आपल्या मुलखातही पडली. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके यांनी गोंडांना उभे केले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात त्यांना फाशी झाली. पुढे सरकारने धडा घेतला तो निःशस्त्रीकरणाचा. १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला, आणि गोऱ्या माणसाला मात्र सूट राहिली. जंगलात राहून रानडुकरांपासून धान राखणाऱ्याला दारूसाठी परवाना हवा, आणि करमणुकीसाठी येणाऱ्या साहेबाला तो नको, अशी ती नीती होती.

या साहेबांतही अभ्यासू माणसे होती, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मध्य प्रांतात नोकरी केलेला कॅप्टन जेम्स फॉर्सिथ आज ओळखला जातो तो इथल्या डोंगररानांवरच्या ग्रंथामुळे. पण त्याआधी, १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. नळीतल्या आट्यांचा पीळ किती असावा, गोल गोळीमागे दारू किती घालावी, याचा त्यात हिशेब आहे. आमच्या म्हाताऱ्याने बांबूच्या कांड्यात जे सांभाळले तेच फॉर्सिथने आकड्यांत मांडले. एकाचे पुस्तक झाले, दुसऱ्याचे कांडे चुलीत गेले, एवढाच फरक.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. पितळी काडतूस आले. दारू, गोळी आणि टोपी एकाच डबीत बंद झाली. दाराच्या कडीसारखा दांडा मागे ओढून काडतूस आत सारायचे, अशी बोल्टची रायफल आली, इंग्रजांनी ०.३०३ इंची ली-मेटफर्ड १८८८ साली स्वीकारली. आणि १८९१ पासून तिच्या काडतुसात काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू भरू लागले. काळी दारू चिमूटभर कमीजास्त झाली तर सहसा क्षमा करते. ही नवी दारू करीत नाही. थोड्या चुकीने नळी फुटते, हात जातो. म्हणून कांड्याचे माप संपले आणि तराजू आला. त्याचे वजन ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. दारूचे काम सोनाराचे काम झाले, आणि ते कारखान्यात गेले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालीच निघाला होता.

अमेरिकेत मात्र हौशी माणसांनी हे काम पुन्हा घरच्या टेबलावर आणले. झाडलेली पितळी डबी उचलायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, गोळी नेमक्या खोलीवर बसवायची. एकेक गोष्ट बदलून पाहायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. फ्रँकलिन मान नावाचा एक डॉक्टर होता. रायफल हलू नये म्हणून त्याने काँक्रीटचा ओटा बांधला, वर्षानुवर्षे गोळ्या झाडल्या आणि १९०९ साली ग्रंथ लिहिला. गोळीच्या बुडाला इजा असली तर ती हमखास बाजूला जाते, टोकाची इजा तितकी बाधत नाही, हे त्याने दाखवले. १९२० नंतरच्या दशकात स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रशाळेतल्या काही मंडळींनी जुन्या ०.२२ इंची काडतुसावर बोल्टच्या रायफलीत असेच प्रयोग केले. त्यातून ‘हॉर्नेट’ हे काडतूस निघाले. कंपनीने ते १९३० साली बाजारात आणले. म्हणजे कारखाना मागून आला, कारागीर आधी. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, हे तरुण श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

आता आपल्या घरचे उदाहरण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, रेल्वेचा नोकर. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटरचे असते, आपल्या करंगळीच्या नखाएवढे! तिथले ०.२२ इंची काडतूस घरी भरताच येत नाही. त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत बंद असतो. मग नेमबाज काय करतात? एकाच कारखान्याचे वेगवेगळ्या खेपांचे काडतूस आपल्या रायफलीतून झाडून पाहतात, आणि जी खेप एका जागी पडते तीच साठवतात. म्हणजे दूरदेशी, कुठल्या तरी पाळीत, कोणा कामगाराचा हात ज्या दिवशी सर्वांत स्थिर होता तो दिवस ते शोधत असतात.

श्रोतेहो, मला सांगायचे ते इथे आहे. नेम साधणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते, आणि यावेच. पण भरणाऱ्याचे नाव केव्हा येते? आपल्या विदर्भात भद्रावतीला आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला असे कारखाने आहेत. खानदेशात वरणगावला रायफलीची काडतुसे होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे सारे म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरला स्फोट झाला, आणि छताखाली सापडलेले कामगार जिवाला मुकले. तेव्हा त्यांची नावे छापून आली. एरवी आली नसती.

मी खाणीत सुरुंग भरणारे पाहिले आहेत. घाई करा म्हणणारा वरिष्ठ आणि सावकाश भरणारा कामगार यांचे भांडण मी अनेकदा मिटवले आहे, आणि बहुतेक वेळा सावकाश भरणाऱ्याच्या बाजूने. ज्या कामात गुंजभर चूक जीव घेते तिथे विश्रांती, पुरेशी माणसे आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार या सवलती नव्हेत. तो मापाचाच भाग आहे.

गेल्या काही वर्षांत गडचिरोलीत गावकऱ्यांनी आपण होऊन भरमार बंदुका पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या वाचल्या. बरे झाले. त्या बंदुका जाव्यात. पण त्यांच्याबरोबर त्या म्हाताऱ्याचे वाक्य जाऊ नये, म्हणून आज ते तुमच्या हवाली केले.