कमिट संदेशाची शुद्धलेखन तपासणी
आज्ञावलीतील प्रत्येक बदलासोबत नोंदवल्या जाणाऱ्या टिपणाची यंत्राने केलेली अक्षरतपासणी. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘गिट’ या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीमध्ये ती ‘कमिट-मेसेज हुक’ या छोट्या प्रोग्रॅमकडे सोपवता येते. त्याने चूक कळवली, की ती नोंदच, म्हणजे कमिटच, अडते. आधीच अडलेली बरी. कारण कमिटची ओळख असलेल्या हॅशमध्ये, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेल्या सांकेतिक खुणेत, संदेशही धरलेला असतो. मागाहून एक वेलांटी बदलली, तरी त्या कमिटची आणि तिच्यावर उभ्या असलेल्या साऱ्या कमिटची ओळख बदलते.

मराठी संदेशांत खरी पंचाईत विभक्तीची. हिंगोली जिल्ह्यातील ‘कळमनुरी’ हे नाव शब्दयादीत घातले, तरी ‘कळमनुरीला’, ‘कळमनुरीहून’, ‘कळमनुरीतल्यांनासुद्धा’ ही रूपे यंत्राला परकीच. म्हणून मूळ हंगेरियनसाठी घडवलेल्या ‘हनस्पेल’ या शुद्धलेखन-तपासनीसामध्ये शब्दयादीशेजारी प्रत्ययांची वेगळी फाईल असते. त्यातही ‘चूक’चे ‘चुकीचा’ होताना ऊकार ऱ्हस्व होतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या १४ नियमांनी (१९७२ मध्ये आणखी ४) माणसाचे भागते. यंत्राला असा प्रत्येक बदल फोडून सांगावा लागतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही यादीत असल्याने त्यांची अदलाबदल मात्र निसटतेच.