सनफ्लॉवर, द

नाझी छळछावण्यांतून वाचलेले सायमन वीझेंटाल (१९०८–२००५) यांचे क्षमेच्या प्रश्नावरील आत्मकथनपर पुस्तक. प्रथम प्रकाशन १९६९. लेंबर्ग (आताचे युक्रेनमधील ल्वीव) येथे कैदेत असताना त्यांना कामासाठी एका लष्करी रुग्णालयात नेले जाई. वाटेतल्या दफनभूमीत जर्मन सैनिकांच्या प्रत्येक थडग्यावर सूर्यफूल लावलेले दिसे. ज्यूंच्या वाट्याला सामूहिक खड्डा. पुस्तकाचे नाव त्यावरून पडले.

एके दिवशी परिचारिकेने त्यांना एसएस या नाझी सशस्त्र दलातील एका मरणासन्न तरुण सैनिकाच्या खाटेपाशी नेले. त्याचे डोके आणि डोळे पट्ट्यांनी झाकलेले होते. ज्यू कुटुंबे घरात कोंडून घर पेटवले, उड्या टाकणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, अशी कबुली देऊन त्याने क्षमा मागितली. वीझेंटाल काही न बोलता बाहेर पडले. क्षमा करायला ज्यू म्हणून कोणीही चालेल, या मागणीतच मूळ गुन्ह्याची वृत्ती शिल्लक होती, असे म्हणायला जागा आहे. युद्धानंतर ते श्टुटगार्टला त्या सैनिकाच्या आईला भेटले. मुलाच्या चांगुलपणावरचा तिचा विश्वास मात्र त्यांनी मोडला नाही.

पुस्तकाच्या उत्तरार्धात आपल्या मौनाबद्दल त्यांनी इतरांची मते मागवली आहेत. मेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणालाच नाही, ही ज्यू धर्मचिंतक अब्राहम हेशेल यांची भूमिका. दलाई लामा व डेझमंड टूटू क्षमेकडे झुकतात. सर्वांत अस्वस्थ करणारे उत्तर, अर्थातच, हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर याचे. युद्धगुन्ह्यांसाठी त्याने २० वर्षे कैद भोगली होती.