शहाजीराजांचे बंगळूर

राजधानीच्या शहराचा इतिहास त्याच्या इमारतींवरून वाचावा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. बंगळुरास आलेल्या पाहुण्याला आपण १९५६ साली पुरे झालेले विधानसौध दाखवितो, १७९१ चा टिपूचा लाकडी महाल दाखवितो आणि लालबागेतील खडकावर नेऊन केंपेगौडांच्या नावाचा बुरूजही दाखवितो. १५३७ साली केंपेगौडाने मातीचा कोट घालून येथे पेठ वसविली, हेही सांगतो. ह्या दर्शनयात्रेत सतराव्या शतकाचे पान मात्र कोरेच राहते. वस्तुतः त्या शतकात जवळजवळ पन्नास वर्षे हे गाव भोसल्यांच्या ताब्यात होते.

१६३६ साली निजामशाही संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत शिरले. दोन वर्षांनी रणदुल्लाखानाच्या फौजेने बंगळूर घेतले, केंपेगौडाचे घराणे मागडीस गेले व शहाजीराजांचे ठाणे येथे बसले. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग आला आहे. १६४० च्या सुमारास जिजाबाई व बाल शिवाजी येथे येऊन राहिले. पुढे शिवाजीराजांची पुण्यास रवानगी झाली ती येथूनच. चिक्कपेटेतील गौरीमहालात राजांचे वास्तव्य होते, अशी परंपरा सांगते. आज त्या महालाची एक वीटही दाखविता येत नाही.

असे का व्हावे? एक तर राजे जहागीरदार होते. विजापूरची मर्जी फिरताच मुलूख जाऊ शकत होता. अशा माणसाचे लक्ष दगडी प्रासादांपेक्षा फौजेकडे व वसुलाकडे राहावे, हे स्वाभाविक आहे. दुसरे असे की, १७६१ साली हैदरअलीने किल्ला दगडात नव्याने बांधविला आणि १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या तोफांनी त्यासही भगदाडे पाडली. जुन्यावर नवे चढत गेले आणि पेठ वाढत राहिली.

जे उरले ते अक्षरांत उरले. जयराम पिंड्ये हा कवी शहाजीराजांच्या आश्रयास आला व त्याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. ग्रंथ संस्कृत; पण त्याच्या अखेरच्या भागात अनेक देशभाषांतील पद्यांनी राजांची स्तुती केलेली आढळते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह तो प्रसिद्ध केला. अनेक भाषा कानी घेणारी सभा येथे भरत होती, ह्याचा तो लेखी पुरावा होय.

दुसरी खूण शिळेवरची आहे. मल्लेश्वरम ही वसाहत १८९८ च्या प्लेगनंतर आखली गेली. तिला नाव मिळाले ते तेथील काडु मल्लेश्वराच्या देवालयावरून. त्या परिसरातील १६६९ च्या शिलालेखात शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांनी गावच्या प्रमुखांच्या विनंतीवरून मल्लपुरच्या मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची नोंद आहे. लेख कानडी आहे. देणारा मराठा, मागणारे नगरजन आणि भाषा नगरजनांची, एवढ्यावरून त्या राजवटीची रीत पुष्कळशी कळते.

शहाजीराजे १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. एकोजीराजांनी पुढे तंजावर घेतले आणि त्यांचे लक्ष तिकडेच लागले. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत दोघां भावांत वडिलार्जित वाट्यावरून तंटा पडला. समेट झाला तेव्हा शिवाजीमहाराजांनी बंगळूर व आसपासचे महाल भावजय दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठी लावून दिले. एका भाऊबंदकीच्या शेवटी हे नगर माहेरची भेट व्हावी, तसे घरच्या सुनेच्या पदरात पडले! परंतु दूरचा मुलूख राखणे अवघड होते. १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. सत्ता संपली.

माणसांची ये-जा मात्र संपली नाही. एकोजीराजांमागून तंजावरी मराठी घराणी कावेरीकाठी रुजली आणि दोन शतकांनी त्यांतील माणसे म्हैसूर संस्थानात दिवाण म्हणून आली. व्ही. पी. माधवराव १९०६ ते १९०९ पर्यंत आणि त्यांच्यामागून टी. आनंदराव १९१२ पर्यंत दिवाण होते. आनंदराव सर्कल हे नाव ह्या दुसऱ्या दिवाणांचेच. बंगळूर सोडून गेलेल्या राजाच्या मागून जी मराठी तंजावरास गेली, तीच ह्या नावाच्या रूपाने शहराच्या भर चौकात परत आली आहे.

परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसास शहाजीराजांचे नाव घेताना ‘हे आमचे होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. त्या पन्नास वर्षांनी मागे ठेवलेली खूण पाहता हा मोह आवरावा हे बरे. मल्लेश्वराची शिळा येथील देवासाठी, येथील लोकांच्या मागणीवरून, येथील भाषेत कोरलेली आहे. मालकीचे दिवस तीन लाखांच्या एका व्यवहारात संपले. ते दान मात्र नोंदीला राहिले, आणि आज आपल्याला येथे आपले म्हणून दाखविता येईल असे बहुधा तेवढेच आहे. पाहुण्यांना शहर दाखविताना ह्या शिळेपाशीही क्षणभर थांबावे.