सहा सिलिंडरांचे घराणे

इ. स. १९८९च्या सुमारास अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या डॉज रॅम या पिकअप ट्रकमध्ये जे टर्बो-डिझेल इंजिन बसविले, त्याचा तपशीलतक्ता आज कोणी समोर घेऊन बसला, तर अश्वशक्तीचा आकडा पाहून त्याची काहीशी निराशा होण्याचा संभव आहे. एका ओळीत उभे सहा सिलिंडर, बोअर १०२ मिलिमीटर, स्ट्रोक १२० मिलिमीटर, एकूण आकारमान ५.९ लिटर, आणि एवढा बिडाचा पसारा मांडून पदरात पडते काय, तर मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर अवघी १६० अश्वशक्ती! त्याच डॉजचे त्याच आकारमानाचे पेट्रोल इंजिनही याहून अधिक अश्वशक्ती देत होते. परंतु तक्त्याची पुढची ओळ वाचताच हा ग्रह पालटतो. कारण टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, तेथे ४०० पौंड-फूट नोंदलेला आहे, आणि तोही इंजिन १,७०० फेऱ्यांच्या आसपास रेंगाळत असताना. फोर्डच्या पिकअपमधील ७.३ लिटरचे डिझेल इंजिन आकाराने थोरले असूनही या बाबतीत मागे होते, आणि जनरल मोटर्सच्या ६.२ लिटरच्या इंजिनाला तर टर्बोच नव्हता.

अश्वशक्ती बेताची आणि पीळ भरपूर, हा स्वभाव हौसेने पळविण्याच्या गाडीचा नव्हे. तो दिवसभर एका लयीत ओढकाम करणाऱ्या यंत्राचा आहे. आणि या इंजिनाची कुळी शोधू लागले म्हणजे त्याचे कारणही उमगते. ‘बी’ मालिका या नावाने ओळखले जाणारे हे इंजिन इंडियाना प्रांतातील कमिन्स कंपनीने जे. आय. केस या शेतीयंत्रे व बांधकामयंत्रे करणाऱ्या जुन्या कंपनीशी करारनामा करून सिद्ध केले, आणि १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात नॉर्थ कॅरोलिनातील रॉकी माउंट येथे उभयतांच्या सामाईक कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. म्हणजे पिकअपच्या बॉनेटखाली येण्यापूर्वी या इंजिनाची नेमणूक शेतात आणि खडीमातीच्या कामावर झालेली होती. तेथे चढ संपला की क्षणभर विसावा, अशी सवलत नसते. नांगर जमिनीत रुतलेला असेतो पूर्ण भार अंगावर असतो.

कमिन्स घराण्याचा मूळ पुरुष क्लेसी कमिन्स हा कोलंबस या लहानशा गावातील विल्यम अर्विन नामक बँकमालकाच्या पदरी मोटारचालक व यंत्रदुरुस्तीदार म्हणून होता. धन्याच्या भांडवलावर त्याने १९१९ मध्ये डिझेल इंजिनांची कंपनी काढली. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले असले, तरी तोपर्यंत ते जहाजांत आणि वीजघरांतच मुख्यतः वावरत होते. त्याला रस्त्यावर आणण्याचा क्लेसीचा ध्यास धन्याला चांगलाच महागात पडला, कारण कंपनीला पहिला नफा दिसावयास १९३७ साल उजाडावे लागले. मध्यंतरी १९२९च्या नाताळात क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवून अर्विनसाहेबांना फिरवून आणले, आणि १९३१ मध्ये इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत त्याची डिझेल मोटार इंधनासाठी एकदाही न थांबता तेराव्या क्रमांकाने बाहेर पडली. तेरावा क्रमांक कोणी मिरवीत नाही, पण न थांबणे मिरविण्यासारखे होते, आणि कंपनीने ते मिरविले.

टर्बोची शाखा या वंशवृक्षाला पुढे फुटली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोराने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरावी, आणि अधिक हवेबरोबर अधिक इंधन जाळावे, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्येच पेटंटच्या दप्तरी दाखल केली होती. कमिन्सने ती जगापुढे मांडली १९५२च्या इंडियानापोलिस शर्यतीत. ट्रकचे ६.६ लिटरचे इंजिन कुशीवर आडवे निजवून, त्याला टर्बो जोडून केलेल्या त्या बुटक्या मोटारीने फ्रेड ॲगाबेशियन याच्या हाती पात्रता-फेरीत प्रारंभरेषेवरील पहिले स्थान पटकाविले. पेट्रोलवाल्यांच्या या बालेकिल्ल्यात ट्रकच्या इंजिनाने मानाची जागा बळकावावी, याचा जो विस्मय झाला असेल त्याची कल्पना करता येते. मुख्य शर्यतीत मात्र एकाहत्तराव्या फेरीला गाडी बाहेर पडली, आणि कारण मोठे मासलेवाईक निघाले: टर्बोचे हवा ओढून घेणारे तोंड गाडीच्या पुढील भागी, जमिनीलगत होते, इतर गाड्यांच्या टायरांचे झिजलेले रबर धावपट्टीवर उडत होते, ते टर्बोने ओढून घेतले आणि त्याची वाट बुजली. क्रँक, पिस्टन, हेड ही बडी मंडळी शाबूत असताना एका तोंडाने दगा दिला. या घराण्याच्या इतिहासात हा प्रकार पुन्हा घडावयाचा होता.

पिकअपकडे वळण्यापूर्वी अमेरिकी गिऱ्हाइकाच्या मनातील डिझेलविषयीच्या किल्मिषाचा उल्लेख केला पाहिजे. १९७८ पासून जनरल मोटर्सने ओल्डस्मोबील मोटारींत ५.७ लिटरचे डिझेल इंजिन देऊ केले. त्याच्या हेडचे बोल्ट डिझेलचा दाब सोसण्यास अपुरे ठरले, गॅस्केटे उडाली, इंधनातील पाणी वेगळे काढण्याची योग्य सोय नसल्याने पंप गंजले, आणि डिझेल म्हणजे डोकेदुखी असे समीकरण रूढ झाले. अशा वातावरणात पिकअपच्या बाजारात फोर्ड व शेव्हरोले यांच्या मागे रखडणाऱ्या डॉजने, १९७२ सालच्या ठेवणीचा आपला जुनाट ट्रक तसाच ठेवून, त्यात शेतीकामाचे इंजिन बसवावे, हा निर्णय धाडसाचा की नाइलाजाचा, हे ठरविणे कठीण. मला तो नाइलाजाचाच अधिक वाटतो. परंतु मागणी अपेक्षेबाहेर आली, आणि नाइलाजाने केलेली सोयरीक लाभली.

आता टिकाऊपणाची फोड करू. सात बेअरिंगांवर तोललेला घडीव पोलादी क्रँकशाफ्ट. टाइमिंगसाठी पट्टा किंवा साखळी नव्हे, तर दातेरी गिअर. इंधन थेट सिलिंडरात फवारले जात असल्याने ग्लो प्लगची गरज नाही, थंडीत आत येणारी हवा तापविणारी जाळी पुरे. बॉशचा पंप संपूर्ण यांत्रिक, त्यामुळे इंधन खुले ठेवण्यापुरती वीज मिळाली की विद्युत्-व्यवस्थेची अन्य कसलीही मिनतवारी नाही. कमाल अश्वशक्तीच्या वेगालाही पिस्टनची सरासरी गती सेकंदाला दहा मीटरच्या पुढे जात नाही. आणि टर्बो हा मागाहून चिकटविलेला अलंकार नसून त्याच्या दाबाचा हिशेब मूळ आराखड्यातच धरलेला होता. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र या यादीत येत नाही. तिचा दाखला आपल्या महामार्गांवर मिळतो. १९६२ मध्ये किर्लोस्करांशी भागीदारी करून कमिन्स पुण्यास कोथरूडला आली होतीच. पुढे १९९३ मध्ये टाटांबरोबर जमशेदपूरचा करार झाला, कालांतराने फलटणलाही कारखाना निघाला, आणि ‘बी’ मालिकेचे तेच ५.९ लिटरचे इंजिन टाटांच्या १६१३ ट्रकमध्ये दिसू लागले. या नावातील सोळा म्हणजे ट्रकचे भारासह वजन टनांत, आणि तेरा म्हणजे सुमारे एकशे तीस अश्वशक्ती. जे इंजिन आपल्याकडे सोळा टनांची तैनाती बजावते, ते अमेरिकेत बहुधा रिकाम्या धावणाऱ्या, फार तर मागे घोड्यांचा ट्रेलर लावलेल्या पिकअपमध्ये राबत होते. त्याचे लाखो मैलांचे दीर्घायुष्य पुष्कळ अंशी या हलक्या चाकरीचे फळ आहे.

दोष नव्हते असे नाही. इंजिनाच्या पुढील अंगास गिअरांची पेटी ब्लॉकवर नेमकी बसावी म्हणून एक लहानशी पोलादी खुंटी ठोकलेली असे. तिला धरून ठेवणारे काहीच नव्हते. कंपनांनी ती वर्षानुवर्षे केसाकेसाने बाहेर सरकत येई, आणि एके दिवशी निसटून फिरत्या गिअरांच्या दातांत पडली, की दाते तरी तुटत, नाहीतर पेटीला भगदाड पडून ऑइल रस्त्यावर येई. हिचे नाव जाणकारांनी ‘मारेकरी खुंटी’ ठेवले. उपाय हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त: पुढचे झाकण खोलून, खुंटी जागेवर ठोकून, शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची एक जीभ अशी अडकवायची की ती खुंटीच्या तोंडावर येईल.

१९९४ मध्ये आलेला बॉशचा सहा नळ्यांचा एका ओळीतला पंप इंजिनाच्याच ऑइलवर वंगणलेला असे, आणि तो काळ या घराण्याचा सुवर्णकाळ मानतात. धुराविषयीचे सरकारी नियम कडक झाल्यावर १९९८च्या मध्यास बाराऐवजी चोवीस व्हॉल्व्हांचे हेड आणि विजेच्या हुकमतीखालचा नवा पंप आला. या पंपाला वंगण आणि गारवा दोन्ही डिझेलकडूनच मिळत. त्यामुळे टाकीकडून डिझेल पुढे ढकलणारा लहान पंप अशक्त झाला, की मोठा महागडा पंप उपासमारीने मरे, आणि गाडीवानाला त्याची वर्दीही मिळत नसे. शहाण्यांनी डॅशबोर्डवर डिझेलच्या दाबाचा काटा स्वखर्चाने बसवून घेतला. पुढे कॉमन रेल ही इंधन फवारण्याची नवी पद्धत आली, आकारमान ६.७ लिटर झाले, आणि २०१९ मध्ये रॅमच्या जाहिरातींत १,००० पौंड-फुटांचा आकडा झळकला. तरीही बारा व्हॉल्व्हांच्या जुन्या इंजिनांची मागणी मंदावलेली नाही. डॉजचा पत्रा गंजून झडला, की इंजिन तेवढे उतरवून घेतात आणि दुसऱ्या गाडीच्या चेसिसवर चढवितात. ती चेसिस पुष्कळदा फोर्डची असते.