दोन खांबांचं नाणं

सासूबाईंच्या डब्यातलं हे चांदीचं नाणं सराफ मोडीत मागत होता. वजन 27 ग्रॅम, सव्वादोन तोळ्यांहून थोडं जास्तच. एका बाजूला स्पेनचा राजा तिसरा कार्लोस नि 1783 साल. मागे मुकुट, ढाल, दोन खांब आणि आठाचा आकडा, म्हणजे आठ रियाल. एम अक्षरावर चिमुकला ओ, ती मेक्सिकोची टांकसाळ. ‘इंड’ वाचून घरचे हरखले. पण ते इंडीज, कोलंबसाने नाव चुकवलेली अमेरिका! तेव्हा आपलं उज्जैन महादजी शिंद्यांचं. अशी चांदी कापडाच्या बदल्यात जहाजांनी सुरत-मुंबईला यायची आणि बरीचशी वितळवून रुपये पाडले जायचे. हे नाणं वाचलं ते कुणा बाईमुळेच असावं: वरच्या काठावर कडी जोडल्याची खूण आहे, गळ्यात घालायला.