नोंद आणि न्याय

मावळ तालुक्यातील सुदुंबरे हे गाव संताजी जगनाडे यांच्या समाधीमुळे ओळखले जाते. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या या तेली संताचे मोठेपण नोंद ठेवण्यात होते. याच तालुक्यात सांडलेल्या रक्ताची नोंद कशी राहिली, हा प्रश्न आम्हांस म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्यास मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी ठार झाले; त्यांत एक स्त्री होती. त्यांच्यावर खटला चालला नव्हता, कोणत्या न्यायालयाने त्यांना शिक्षा फर्मावली नव्हती.

जमाव आवरण्यासाठी बळ वापरण्याची मुभा कायदा देतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तोच कायदा असेही सांगतो की, अशा कारवाईबद्दल अधिकाऱ्यावर खटला भरावयाचा तर शासनाची मंजुरी हवी. म्हणजे ज्याच्या हुकमतीखाली गोळी सुटते, त्यानेच न्यायालयाचे दार उघडावयाचे! अशा प्रसंगी शासन बहुधा चौकशी आयोग नेमते, बऊरनंतरही नेमला. पण १९५२ च्या कायद्याखालील आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. तो अहवाल देतो, शिक्षा देत नाही. आणि तो अहवालही शासनावर बंधनकारक नसतो.

शहरातील ‘चकमकी’चे स्वरूप वेगळे, तरी मूळ प्रश्न हाच. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईतील ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २३ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने नियम घालून दिले: प्रत्येक मृत्यूचा गुन्हा नोंदवावा, तपास स्वतंत्र यंत्रणेने करावा, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी. हे अशक्य नाही. २००६ साली रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला पोलिसांनी ठार केले. ती चकमक बनावट ठरली आणि २०१३ साली सत्र न्यायालयाने १३ पोलिसांना जन्मठेप दिली. त्यासाठी मृताच्या भावाला मात्र वर्षानुवर्षे झुंजावे लागले.

गुंडाला मारले की लोक टाळ्या वाजवतात. शेतकरी मेला की हळहळतात. आमच्या मते हा भेद घातक आहे. आरोपीलाही न्यायालयाचा हक्क आहे असे जो मानत नाही, त्याला बऊरच्या शेतकऱ्यासाठी न्याय मागण्याचा आधारच उरत नाही. कारण कोण गुंड आणि कोण नागरिक हे ठरविण्याचे काम त्याने आधीच बंदुकीकडे सोपविलेले असते.

घटनेच्या २१ व्या कलमाने जीविताची हमी देताना ‘नागरिक’ हा शब्ददेखील वापरलेला नाही. ‘व्यक्ती’ म्हटले आहे. शासनाने प्राण घेतला, तर त्या प्राणाचा हिशेब त्याने उघड न्यायालयात द्यावा, एवढेच त्या शब्दाचे मागणे आहे.