पाण्याच्या कडेपर्यंतचा कर

भारतात शेतीचे उत्पन्न वगळता उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे असल्यामुळे एखाद्या कंपनीच्या नफ्यातला महाराष्ट्राचा वाटा किती आणि कर्नाटकाचा किती, हा प्रश्न प्राप्तिकरात उद्भवत नाही. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्ये कंपन्यांच्या नफ्यावर स्वतःचा कर आकारतात, आणि म्हणूनच नफ्याची वाटणी हा तिथला शंभर वर्षांहून जुना वाद आहे. परदेशातले उत्पन्न राज्याच्या हिशेबातून वगळण्याचा जो पर्याय कॅलिफोर्नियाने कंपन्यांना दिला, आणि ज्याला ‘वॉटर्स एज’ म्हणजे पाण्याच्या कडेपर्यंतचा हिशेब म्हणतात, तो या वादातूनच निघाला.

वादाचे मूळ रेल्वेत आहे. एका राज्यातले रूळ सुटे धरले तर त्यांना किंमत उरत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकात संपूर्ण मार्गाचे मूल्य काढून ते मैलांच्या प्रमाणात राज्यांत वाटले जाई. हाच विचार पुढे नफ्याला लागू झाला, आणि ज्याचे भाग परस्परांवर अवलंबून आहेत अशा उद्योगाला ‘एकात्म व्यवसाय’ मानून त्याचा सगळा नफा एकत्र करायचा व मालमत्ता, पगार आणि विक्री यांच्या प्रमाणात राज्याचा हिस्सा ठरवायचा, अशी पद्धत रूढ झाली. बटलर ब्रदर्स या घाऊक व्यापारी कंपनीचे उदाहरण बोलके आहे. 1935 साली आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या शाखेला 82,851 डॉलरचा तोटा झाल्याचे ती वहीत दाखवत होती. पण सात राज्यांतल्या वखारींसाठी माल एकत्र खरेदी केल्याने मिळणारी सवलत ही सर्व शाखांची मिळून कमाई होती, आणि सूत्राने काढलेला कॅलिफोर्नियाचा हिस्सा सुमारे 93,500 डॉलर नफ्याचा निघाला. 1942 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा हिशेब ग्राह्य धरला.

पुढे राज्याने उपकंपन्यांना, आणि अखेरीस परदेशी उपकंपन्यांनाही, याच हिशेबात ओढले. कंपन्यांचा आक्षेप असा की परदेशात पगार कमी असल्याने तोच नफा तिथे कमी पगारावर मिळतो, आणि सूत्रात कॅलिफोर्नियाचा वाटा अवाजवी फुगतो. आक्षेपात तथ्य होते. परंतु वेगळ्या वहीत नफा कुठे दाखवायचा हे कंपनीच ठरवते, हा त्याहून मोठा दोष होता. 1983 साली कंटेनर कॉर्पोरेशनच्या खटल्यात न्यायालयाने अमेरिकी मूळ कंपनीच्या वीस परदेशी उपकंपन्यांना हिशेबात धरणे घटनासंमत ठरवले.

न्यायालयात जिंकलेले राज्य राजनैतिक दबावापुढे मात्र नमले. 1983 साली ही पद्धत स्वीकारणाऱ्या फ्लोरिडाने ती 1984 साली रद्द केली. ब्रिटनने 1985 साली, अशा राज्यांत व्यवसाय असलेल्या अमेरिकी कंपन्यांची लाभांशावरील करसवलत काढून घेण्याचा अधिकार कायद्याने मिळवला. 1986 साली कॅलिफोर्नियाने कायदा केला, जो 1988 पासून लागू झाला: कंपनीने स्वतः निवड केली तर तिचा हिशेब अमेरिकेपुरता राहील, मात्र त्यासाठी तिने शुल्क भरावे. ही कड नकाशावरची सीमा नव्हे. ज्या परदेशी कंपनीचा वीस टक्के किंवा अधिक व्यवसाय अमेरिकेत आहे, ती कडेच्या आतच धरली जाते. शुल्क 1993 च्या दुरुस्तीने गेले.

त्यानंतर वर्षभरातच, 1994 साली, बार्कलेज बँकेच्या खटल्याचा निकाल लागला. सुमारे साठ देशांत पसरलेल्या आणि 220 हून अधिक कंपन्या असलेल्या या ब्रिटिश समूहाचा 1977 सालचा जागतिक हिशेब वैध असल्याचे न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले. राज्याचा अधिकार पूर्णपणे मान्य झाला, तेव्हा तो वापरायचा की नाही हे ठरवणे कंपन्यांच्या हाती गेले होते, आणि दोन्ही हिशेब मांडून ज्यात कर कमी तो स्वीकारण्याची मुभा देणारी ही तडजोड करव्यवस्था म्हणून सदोषच म्हणावी लागते. ही निवड आजही कायद्यात आहे, आणि एकदा केली की ती 84 महिने बंधनकारक राहते.